मधले दोन आकडे

हिंगोलीच्या शाळेत मास्तरकी लागली तेव्हा खोली शोधत मी ज्या घरात गेलो, तिथले मालक माझ्याशी पाव तास एक शब्दही बोलले नाहीत. बसायला घोंगडी टाकली, तांब्याभर पाणी ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून माझ्याकडे बघत राहिले. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, परक्या गावात आलेला. एरवी मी बोलका, पण त्या दिवशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून गप्प बसलो. शेवटी ते उठले, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "ऱ्हावा. तुमच्या पोटात खरखर न्हाई."

या वाक्याचा अर्थ लागायला मला सहा महिने लागले. तोवर मी रोज जेवणानंतर बडीशेप खात होतो.

ते जुने तारमास्तर. सारा जन्म रेल्वेच्या तारयंत्राची कटकट ऐकून पेन्शनीत निघालेले. साठीच्या आसपासचं वय, अंगात बंडी, डोक्याला काळी टोपी, आणि दोन्ही कानांच्या वरच्या बाजूला ऐकायच्या फोनच्या पट्टीनं पाडलेले कायमचे वळ. बायको जाऊन दहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मी त्यांना काका म्हणायचो. गावातले लोक माघारी त्यांना 'कान' म्हणत. "कानाच्या घरी राहता होय तुमी?" असं मला बाजारात कितीदा तरी विचारलं गेलं.

माडीवर त्यांचा रेडिओ होता. पॉलिश केलेला पेटारा वगैरे नव्हे, फळीवर ठोकलेलं उघडंवाघडं यंत्र. चार-पाच काचेचे व्हॉल्व, त्यांना ते दिवे म्हणत. तारांची वेटोळी, आणि खाली मोटारीची बॅटरी, ती कापसाच्या जिनच्या इंजिनावर भरून आणलेली. छपरावर दोन उंच बांबू आणि त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याची तार. लढाईच्या आधी काका नुसते ऐकत नसत, बोलतही. त्यांच्याकडे खटक्याचं एक यंत्र होतं, त्यावरून ते सिलोन, जावा, कुठकुठल्या हौशी माणसांशी तारेच्या भाषेत गप्पा मारत. त्यातल्या एकालाही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लढाई सुरू झाली आणि बोलायचं यंत्र सरकारजमा झालं. ऐकायचं तेवढं परवान्यावर राहिलं. दुसरा कुणी हळहळला असता. काका म्हणाले, "बरं झालं. बोलायच्या नादात ऐकायचं राहून जात होतं."

राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी छपरावरच्या त्या तारेवर धोतर वाळत घातलं. ते रागावले नाहीत. संध्याकाळी माझ्या दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आत आली. 'सकाळी नऊपासून पूर्वेकडचा आवाज निम्मा. दुपारी दोनला पूर्ववत. मधल्या काळात तारेवर एक धोतर.' खाली सही नाही, तक्रार नाही, विनंतीही नाही. मी पुन्हा तिकडे लंगोटीसुद्धा वाळत घातली नाही.

त्यांचा एक शब्द होता, 'बराबर'. आपल्याकडे हा शब्द उठसूट वापरतात. काका तो क्वचित उच्चारत. तार घेताना पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळी हाती आली तरच 'पोचली' म्हणायचं, हा त्यांच्या नोकरीतला नेम, आणि तो त्यांनी घरातही चालवला होता. मी "काका, उद्या गावी जाऊन येतो" म्हटलं की ते विचारत, "उद्या कवा? येऊन राहिले कवा?" सगळं कळल्यावरच "बराबर." काही राहिलं असेल तर नुसतेच बघत राहत. माझ्यासारख्या अंदाजपंचे बोलणाऱ्या माणसाचा जीव त्या बघण्यानं अगदी मेटाकुटीला यायचा.

आता त्या पोटातल्या खरखरीबद्दल.

दूरच्या स्टेशनाचा आवाज फार बारीक येतो. तो यंत्रात शिरण्याआधीच जरा मोठा करावा म्हणून छपरावरची तार आणि यंत्र यांच्यामध्ये एका दिव्याची वेगळी डबी बसवतात. ती सगळ्यांच्या पुढं उभी राहते म्हणून काका तिला पुढारी म्हणत. या पुढाऱ्याच्या डबीत दिवा कोणता घालायचा, हा प्रश्न त्यांनी दोन वर्षं चालवला. उपवर मुलीसाठी कुणी इतकी स्थळं पाहिली नसतील. मुंबईच्या एका दुकानातून लढाईआधीच त्यांनी तीन दिवे मागवून ठेवले होते. पहिला दणदणीत होता. शेजारपाजारचे लोक लढाईच्या बातम्या ऐकायला यायचे ते हटकून म्हणायचे, "काका, तो मोठ्या आवाजाचा लावा." दुसरा मध्येच शीळ घालायचा. तिसरा बेताचा होता, त्यानं आवाज थोडाच वाढायचा.

काकांची परीक्षा साधी होती. डबीत दिवा बसवायचा आणि छपरावरची तारच काढून टाकायची. आता बाहेरून आत काही येत नाही. तरीही कानात जी खरखर ऐकू येते ती त्या दिव्याच्या पोटातली.

"तार काढली तरी जो बोलून राहिला," काका मला म्हणाले, "तो खबर न्हाई देऊन राहिला. तो आपलीच सांगून राहिला. आन पुढच्यानं पदरचं जराकसं घातलं की मागचे समदे त्याचं शंभरपट करतात. त्यात मागच्यांचा कसूर न्हाई. त्यांना काय ठावं, आभाळातलं कोणतं आन डबीतलं कोणतं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या पहिल्या दिवशी पाव तास त्यांनी माझीच तार काढून ठेवली होती. नंतर मी पाहिलं, ते सगळ्यांनाच असं तपासत. नवा माणूस आला की ते काही विचारत नसत, विषय काढत नसत. माणूस दोन मिनिटं चुळबुळ करी आणि मग आपलंच काहीबाही सुरू करी. काका शांतपणे ऐकून घेत आणि तो गेल्यावर म्हणत, "लई खरखर." माझ्या हेडमास्तरांना ते लागू पडलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

दोन वर्षांच्या शेवटी त्यांनी तिसरा, बेताचा दिवा निवडला. शेजाऱ्यांनी नाकं मुरडली. काका मात्र इतके खूश होते की त्या दिवशी जवळा बाजार गावाहून येताना पेढे घेऊन आले.

ऐकण्यासारखं तेव्हा एक खास होतं. मलाया-सिंगापूर पडल्यावर आपल्याकडचे कितीतरी शिपाई तिकडे अडकले. जिवंत की मेले, कुणाला पत्ता नाही. शत्रूचं एक स्टेशन दिवेलागणीच्या सुमाराला हिंदुस्थानीत कैद्यांची नावं वाचायचं. शिपायाचा नंबर, नाव, गाव आणि 'खैरियत से है'. शत्रूचं स्टेशन ऐकणं म्हणजे नसती भानगड, म्हणून काकांनी स्वतः जाऊन पोलिसांच्या अमीनसाहेबांना सांगितलं होतं. अमीन म्हणाला, "सुनो, मगर कागद पहले हम को दिखाना." मग काका रोज नावं टिपून घेत, अमीनला दाखवत आणि त्या-त्या गावी पत्रं टाकत. पत्रांत गाळलेल्या जागा असत. 'आपला मुलगा खुशाल असल्याचे ऐकले. नावाचे शेवटचे अक्षर ऐकू आले नाही.' मी म्हणायचो, "अहो, लक्षात येतंय की ते अक्षर कोणतं असणार! भरून टाका." काका बघत राहायचे.

रूपली आमच्याकडे सरपणाची मोळी घालायची. हिंगोलीपासून बैलगाडीनं तीन तासांवर, माळावर त्यांचा तांडा. तिचा नवरा थावरू खेचरांच्या पलटणीत भरती होऊन मलायात गेला होता. त्यांचे वाडवडील बैलांवर धान्य लादून मुलूखभर फिरलेले, जनावर हाकणं त्याच्या रक्तातच. सैन्याकडून एकच कागद आला होता, 'बेपत्ता'. त्या वर्षी होळीच्या आधी आठ दिवस ती आली ती मोळी न घेताच. परकराच्या ओच्यातून तिनं तो घडी घालून मऊ झालेला कागद काढला आणि काकांच्या पुढं ठेवला.

"बाबा, तुमच्या डब्यात याचं नाव येते काय बघा. होळीला मला दिराच्या नावानं चुडा भरून राहिले."

तांड्यानं ठरवलं होतं. थावरू मेला असं धरायचं आणि त्यांच्या रीतीप्रमाणे तिनं धाकट्या दिराचं घर करायचं. नायकाचा शब्द झाला होता.

"तुला न्हाई करायचं?" काकांनी विचारलं.

"दीर माझ्या कडेवर खेळलेला हाय, बाबा. त्याचं नाक पुसलं मी. आन थावरू मेलेला न्हाई. मेला असता तर मला कळलं नसतं काय?"

मला गलबलून आलं. काका कागदावरचा नंबर वाचत होते. सहा आकडे, पाच दोन सात शून्य नऊ चार. वाचून झाल्यावर त्यांनी कागद तिला परत दिला. "ऐकतो," एवढंच म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांना काही ऐकू येईना. जिनचा हंगाम जोरात होता. इंजिनाचा चामडी पट्टा दिवसभर चाकावर घासायचा, त्यातून बारीक ठिणग्या उडायच्या आणि ऐन दिवेलागणीला कानात नुसती चरचर. काका जिनच्या मॅनेजरकडे गेले, संध्याकाळी फक्त अर्धा तास पट्टा थांबवा म्हणाले. मॅनेजर हसला. त्याच्या ओट्यावर मोठ्ठा रेडिओ होता आणि त्याला तेवढ्याच गोंगाटात गाणी ऐकू यायची. काका घरी आले, पुढाऱ्याच्या डबीवर हात ठेवून बराच वेळ बसले. "हा चरचर बी वाढवून राहिला, आन नाव बी. उपयोग न्हाई," म्हणाले आणि रूपलीच्या सासऱ्याची गाडी मागवली.

होळीला चार दिवस उरले होते. यंत्र, बॅटरी, बांबू, तार आणि मी, असे सगळे गाडीत बसून तांड्यावर गेलो. शाळेत मी पोट बिघडल्याची चिठ्ठी पाठवली होती.

तांड्याचा नायक म्हातारा, ताठ, पांढऱ्या मिशांचा. त्यानं यंत्राला एक चक्कर मारली. "हे लाकूड बोलंल, आन आमी आमचा शब्द मोडायचा?" त्यानं विचारलं. काका म्हणाले, "मोडा असं मी म्हणतच न्हाई. मी ऐकायला आलो."

पहिल्या संध्याकाळी काकांनी झाडाला तार बांधली, आपला लाडका पुढारी जोडला आणि फोन कानाला लावला. माळावर जिन नव्हतं, गिरणी नव्हती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो हळूहळू पडत गेला. त्यांनी तार काढली, लावली, पुन्हा काढली. मग फोन माझ्या कानाला लावला. तार लावा की काढा, खसखस तेवढीच. गावात जिनच्या चरचरीखाली ती दडून राहायची. इथं आभाळ एवढं गप्प होतं की आता सगळ्यात मोठा आवाज पुढाऱ्याचा स्वतःचाच होता.

काकांनी डबी सोडवली. दिवा काढून रुमालात गुंडाळला. "मास्तर," ते मला म्हणाले, "दोन वर्षं मी दिवा निवडून राहिलो. निवडायला पायजे होती ती जागा." त्यांच्या तोंडून आपली चूक कबूल झालेली मी ही पहिल्यांदाच ऐकली. त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता, मलाच वाईट वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी पुढाऱ्यावाचून ऐकलं. आवाज मुंगीच्या पावलाएवढा, पण स्वच्छ. पाच-सहा नावं आली आणि नेमकी गुरं रानातून परतली. तांड्याचे बैल म्हणजे गळ्यात घंटा, घुंगरं, कवड्या. सगळा माळ दणाणला आणि पुढची नावं त्यात गेली. काकांनी नायकाला विचारलं, "उद्या घंटा उतरवता येतील काय?"

"घंटा उतरवायची न्हाई," नायक म्हणाला. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "पर गवत कोंबता येते."

तिसऱ्या दिवशी दुपारी तांड्यातल्या बायका रानात गेल्या आणि त्यांनी एकेका बैलाच्या घंटेत वाळकं गवत ठासून भरलं. संध्याकाळी गुरं आली ती नुसती खुरांच्या आवाजानं. असं कधी झालं नव्हतं. कुत्री बांधलेली, चुली विझवलेल्या, लेकरं आयांच्या मांडीवर, आणि शंभर-सव्वाशे माणसं माळावर बसून एका म्हाताऱ्याच्या कानाकडे बघत होती. रूपली सगळ्यांच्या मागे उभी होती. काकांचं पेन्सिल धरलेलं बोट तेवढं हलत होतं.

अर्ध्या तासानं त्यांनी फोन उतरवला. मी वही ओढून घेतली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'पाच, दोन, मोकळी जागा, मोकळी जागा, नऊ, चार. नाव नाही. हिंगोली. खैरियत.'

 मी त्यांच्या कानाशी लागलो. "काका, तोच आहे! नाव सांगून टाका."

"नाव आलं न्हाई. आवाज मधीच खाली गेला."

"पण नंबर तर तोच! मधले दोन आकडे तुम्हाला ठाऊक आहेत. सात आणि शून्य."

"ते वाचलेत मी. ऐकलेले न्हाईत."

"अहो, एका बाईच्या जन्माचा प्रश्न आहे!"

"म्हणूनच," काका म्हणाले. "ह्यांच्या पुढं आता मीच उभा हाय, मास्तर. मी पदरचं घातलं तर समदा तांडा तेच मोठं करंल."

मला त्यांचा असा राग आला की त्या क्षणी कानाखाली वाजवावीशी वाटली. वयाची चाड म्हणून थांबलो. मी स्वतःच उठून ओरडणार होतो, पण तोवर ते उभे राहिले होते आणि वही डोळ्यांपुढं धरून वाचत होते. पाच. दोन. ऐकू आलं नाही. ऐकू आलं नाही. नऊ. चार. नाव ऐकू आलं नाही. हिंगोली. खैरियत से है.

रूपलीनं ओच्यातला कागद काढून मुठीत घट्ट धरला. तांड्यात कुजबुज झाली. एक जण म्हणाला, "नाव न्हाई तर काय कामाचं?" नायक उठला आणि काकांच्या समोर येऊन उभा राहिला.

"नाव न्हाई ऐकलं?"

"न्हाई."

"तुमाला नाव ठावं हाय. हिनं सांगितलेलं हाय."

"व्हय."

"मंग सांगितलं काहून न्हाई? आमाला काय कळणार होतं?"

काका नुसते बघत राहिले. नायकही बघत राहिला. शेवटी तो तांड्याकडे वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "खोटं सांगायला आलेला माणूस पहिलं नाव सांगतो. ह्यानं न्हाई सांगितलं. चुडा थांबवा. लढाई सरेतोवर कुणी या पोरीला काही म्हणायचं न्हाई."

मग बायकांनी घंटांतलं गवत काढायला घेतलं. परतताना गाडीत माझी मान वर होत नव्हती. मी ओरडलो असतो तर सगळं बुडालं असतं.

लढाई संपली. तो लाडका दिवा देवळीत कापसात पडून राहिला, काकांनी त्याला पुन्हा हात लावला नाही. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी दारात रूपली उभी, आणि तिच्यामागं एक हाडांचा सापळा झालेला, सैन्याची खाकी घातलेला माणूस. मी "काका!" म्हणून हाक मारली ती सगळ्या आळीनं ऐकली असेल. थावरू पाया पडायला वाकला. काकांनी त्याचा दंड धरला, म्हणाले, "थांब," आणि माडीवर गेले.

खाली आले ते ती वही घेऊन. पान उघडलं. पेन्सिलीला टोक केलं. चष्मा लावला.

"नंबर बोल."

थावरू चक्रावला. त्यानं रूपलीकडे पाहिलं, ती पदरात तोंड घालून हसत होती की रडत होती ते कळेना. मग त्यानं टाचा जुळवल्या, छाती पुढं काढली आणि पलटणीतल्या आवाजात म्हणाला, "पाँच! दो! सात! सुन्ना! नौ! चार!"

काका डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी तीन वर्षं मोकळ्या ठेवलेल्या त्या दोन जागांत सात आणि शून्य लिहिले. सावकाश, सुवाच्य. मी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"नाव?"

"थावरू."

तेही लिहिलं. मग पहिल्या आकड्यापासून 'खैरियत' पर्यंत सगळी ओळ त्यांनी बोट ठेवून एकदा वाचली, वही मिटली, आणि थावरूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बराबर."